गिटारवाला घरी गेला तेव्हा

1998 चे ऑक्टोबर-नोव्हेंबर. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, घोड्यांच्या पागा आणि कुरणं यांच्यासाठी ओळखलं जाणारं मिलब्रुक नावाचं छोटं गाव. तिथल्या मिलब्रुक साउंड स्टुडिओत चार वादक आपला दुसरा अल्बम करत होते. गायक नव्हता आणि कुणाला हवाही नव्हता. काही ट्रॅक बांधून झाले होते, काही अर्धे होते. अशात गिटारवाल्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. तो अर्थातच निघून गेला.

मागे राहिले तिघं: ड्रमवाला, बासवाला आणि कीबोर्डवाला. मेटल बँडमधून गिटार काढली की उरतं काय, हा प्रश्न कुणालाही पडेल. मेटलचं सगळं वजन त्या विकृत, खरखरीत, पोटात घुसणाऱ्या गिटारच्या आवाजावर उभं असतं. पण ड्रमसेट मांडलेला होता, माइक लावलेले होते, दिवस हाताशी होते. तिघांनी रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि वाजवत बसले.

बँडचं नाव लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट. 15 जून 1999 ला बाजारात आलेल्या त्या अल्बमचं नाव ‘लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट 2’, म्हणजे नाव शोधण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. ‘दुसऱ्यांदा’ म्हटलं की दुसरी लग्नं, दुसरी करिअर, दुसऱ्या गावी मांडलेले संसार असं बरंच काही डोळ्यांपुढे येणं साहजिक आहे. पण दुसऱ्या खेपेला माणसाचं काय होतं हे पाहायला हा सुमारे 74 मिनिटांचा अल्बम चांगला आहे. पहिल्या वेळची निरागसता संपलेली, लोकांच्या अपेक्षा वाढलेल्या. आणि नेमकं तेव्हाच ठरलेलं सगळं बिनसलं.

लेबलने मागितलेली गाणी

या चौघांपैकी दोघं एका दुसऱ्याच, जास्त प्रसिद्ध बँडमधले. ड्रमवाला माइक पोर्टनॉय आणि गिटारवाला जॉन पेट्रुची. दोघंही 1967 चे, दोघंही न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड भागातले. 1985 मध्ये बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी जॉन मियुंगसोबत जो बँड काढला, तोच पुढे ड्रीम थिएटर झाला. आज जगभर ज्याला ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ म्हणतात, त्याचा नकाशा बऱ्याच अंशी या बँडने आखला. सत्तरच्या दशकातल्या येस, जेनेसिस, किंग क्रिमसन यांच्यासारखी लांबलचक, वळणं घेत जाणारी रचना. आणि तिला मेटॅलिका, आयर्न मेडन यांचा जोर.

1997 मध्ये मात्र ड्रीम थिएटरचं घर फारसं सुखी नव्हतं. रेडिओवर वाजतील अशी आटोपशीर गाणी लेबलला हवी होती. बँडला दुहेरी अल्बम काढायचा होता. त्यालाही नकार मिळाला. एका गाण्यावर हात फिरवायला डेस्मंड चाइल्ड या हमखास हिट देणाऱ्या गीतकाराला बोलावण्यात आलं. त्या सप्टेंबरात ‘फॉलिंग इंटू इन्फिनिटी’ बाहेर पडला. या सगळ्या प्रकाराने पोर्टनॉय वैतागला होता, आणि पुढे अनेक मुलाखतींत त्याने ते लपवलंही नाही.

नेमक्या याच सुमारास मॅग्ना कार्टा या छोट्या लेबलच्या माइक व्हार्नीने त्याला विचारलं, तुझ्या मनातल्या वादकांना घेऊन एक अल्बम कर. व्हार्नी हा वेगवान गिटारवाल्यांचा पारखी. ऐंशीच्या दशकात श्रॅपनेल नावाच्या लेबलवरून त्याने अशा कित्येकांना पुढे आणलं होतं. गिटारसाठी पोर्टनॉयने आधी बाहेरच्या लोकांचा विचार केला. आपल्याच बँडमधला माणूस घेतला तर ही ड्रीम थिएटरची शाखा वाटेल, ही धास्ती होती. ती नावं जमली नाहीत आणि शेवटी पेट्रुचीच आला.

पहिला अल्बम साधारण आठवड्याभरात झाला, तोही याच मिलब्रुकमध्ये. ‘फॉलिंग इंटू इन्फिनिटी’ दुकानांत येत होता त्याच महिन्यात. एकीकडे कित्येक महिने खल करून, बाहेरच्यांच्या सूचना ऐकून बनवलेला अल्बम आणि दुसरीकडे कुणालाही न विचारता आठ दिवसांत उरकलेला. लिक्विड टेन्शनच्या या पहिल्या अल्बमच्या शेवटी 28 मिनिटांचं सरळ जॅम, म्हणजे आधी न ठरवता सुचेल तसं वाजवलेलं संगीत होतं, पाच भागांत कापलेलं. ज्यांना धीर नाही त्यांनी आठव्या ट्रॅकनंतर सीडी प्लेअर बंद करावा, अशी खट्याळ सूचनाही सोबतच्या पुस्तिकेत छापली होती. रेडिओची चिंता सोडली की माणसं अशा सूचना छापतात.

बाकीचे दोघं

कीबोर्डवाला जॉर्डन रुडेस 1956 चा. नवव्या वर्षी न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत पियानो शिकायला गेलेला मुलगा, शास्त्रीय मैफलीसाठी घडवला जात असलेला. मग कानावर इमर्सन, लेक अँड पामर पडलं, सिंथेसायझर हाती आला आणि तो त्या वाटेवरून उतरला. 1994 मध्ये ड्रीम थिएटरचा कीबोर्डवाला गेला, तेव्हा रुडेस त्यांच्यासोबत एका कार्यक्रमात वाजवूनही आला होता. पण त्याने डिक्सी ड्रेग्स हा बँड निवडला. हा नकार पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. तो तेव्हा हो म्हणाला असता तर लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट कदाचित झालाच नसता.

चौथा टोनी लेविन. या सगळ्यांत वडीलधारा, 1946 चा. टक्कल, झुपकेदार मिशा. ईस्टमन संगीत विद्यालयात शिकलेला. जॉन लेननच्या ‘डबल फँटसी’वर बास वाजवणारा, पीटर गेब्रियलचा वर्षानुवर्षांचा साथीदार आणि 1981 पासून किंग क्रिमसनमधला. स्टुडिओत बोलावलं की यायचं, गाण्याला हवा तेवढाच सूर द्यायचा आणि घरी जायचं, हा त्याचा पेशा. गाण्यात जागा सोडणं ही त्याची खरी विद्या. पोर्टनॉय आणि पेट्रुची हे जागा दिसली की भरून टाकणाऱ्यांतले. या अल्बमची निम्मी गंमत या विजोड जोडीत आहे.

लेविन बास गिटार वाजवतोच, पण त्याच्याकडची दोन हत्यारं जवळून पाहण्यासारखी आहेत. पहिलं चॅपमन स्टिक. एमेट चॅपमन या अमेरिकी वादकाने बनवलेलं आणि 1974 पासून विकलं जाणारं हे वाद्य म्हणजे रुंद गळ्याची एक लांब फळी. त्याला गिटारसारखं धड नसतंच. पट्ट्याने अंगाला अडकवून ती जवळजवळ उभी धरतात. तारा 10 किंवा 12. त्यांचे दोन गट, एक खर्जाचा आणि एक वरच्या सुरांचा. तार छेडायची नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी ती पडद्यावर टपकन दाबायची, की दाबल्याबरोबर आवाज. म्हणजे उजवा हात धून वाजवतोय, डावा खर्ज, आणि वादक एकच. किंग क्रिमसनच्या ‘एलिफंट टॉक’च्या सुरुवातीला जो चिवचिवाट ऐकू येतो, तो याच वाद्याचा.

दुसरं हत्यार म्हणजे फंक फिंगर्स. पीटर गेब्रियलच्या ‘बिग टाइम’ या गाण्याच्या वेळी लेविन डाव्या हाताने बासचे सूर धरत होता आणि ड्रमवाला जेरी मरोटा समोरून तारांवर ड्रमच्या काठ्या मारत होता. आवाज झकास येत होता, पण दर कार्यक्रमात दोन माणसं एका बासवर ओणवी कशी उभी राहणार? गेब्रियलने सुचवलं, काठ्या बोटांनाच बांध. मग काठ्यांचे तुकडे कापून, पट्ट्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांना अडकवायची युक्ती निघाली. तारेवर लाकूड पडल्याचा तो टणक ‘ठक्’ एकदा ओळखीचा झाला की लेविनच्या पुष्कळ रेकॉर्डिंगमध्ये सापडायला लागतो.

सातचं चक्र

दुसऱ्या अल्बमची सुरुवात ‘ॲसिड रेन’ने होते. पेट्रुचीच्या हातात सात तारांची गिटार. नेहमीच्या सहा तारांखाली आणखी एक जाड तार, षड्ज आणखी खाली ओढणारी. तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेली रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, तिच्याखाली दोन्ही पायांनी चालणारा बेस ड्रम, आणि मग गिटार आणि कीबोर्ड एकच ओळ एकाच वेगाने धावत वाजवतात. दोन वाद्यांचा आवाज इतका चिकटलेला की कोणता कुणाचा हे पहिल्या ऐकण्यात सांगता येत नाही. साडेसहा मिनिटांचा हा ट्रॅक म्हणजे चौघं पूर्ण तयारीनिशी काय करू शकतात याचं प्रात्यक्षिकच. पुढे ड्रीम थिएटरही तो मंचावर वाजवत असे; 2000 साली न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममधल्या त्यांच्या ध्वनिमुद्रित कार्यक्रमात तो आहे.

पुण्यात किंवा मुंबईत तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये डोकावलं, तर अशा संगीताची तालीम कशी चालते ते कळतं. इमारतीच्या तळघरातली खोली, भिंतींना फोम, कोपऱ्यात सगळ्यांनी बडवून बडवून मऊ पडलेला ड्रमसेट, बाहेर जिन्यावर चपला आणि गिटारच्या पिशव्या. आणि खोलीत चौघं अडकलेले कशामुळे? तर एक मात्रा कुणीतरी जास्त मोजली, म्हणून. प्रोग मेटलमधली भांडणं बहुतेक वेळा सुरावरून होत नाहीत, मोजणीवरून होतात.

मराठी कानाला विषम मात्रांचं भय खरं तर नसावं. रूपक सातचा, तीन-दोन-दोन. झपताल दहाचा, दोन-तीन-दोन-तीन. लहानपणी तबल्याच्या क्लासला गेलेल्या पोराला हे पाठ असतं. तरी तोच पोरगा मेटलच्या सातला अडखळतो, आणि त्याचं कारण सोपं आहे. आपल्याकडे ताल एकदा धरला की बंदिश संपेपर्यंत तोच राहतो. सम कुठे येणार हे मांडी घालून बसलेल्या श्रोत्यालाही ठाऊक असतं, आणि सगळी मजा तिथे कसं पोचायचं यात असते. इथे दर दोन-चार आवर्तनांनी तालच बदलतो. सात, सात, सात आणि मग एकदम आठ. समेवर यायचं ठरवून निघावं आणि वाटेत समच हलवलेली असावी.

यावर ड्रमवाल्यांचा एक उपाय असतो. गिटार सातच्या चक्रात फिरत असते, तेव्हा ड्रमवाला एका झांजेवर दर दोन मात्रांनी सरळ ठोका देत राहतो. सातला दोनने भाग जात नाही, म्हणून पहिल्या आवर्तनात ठोका आणि रिफ एकमेकांना चुकवतात, दुसऱ्यात ठोका उलट्या जागी पडतो आणि चौदाव्या मात्रेनंतर दोघं पुन्हा एकत्र येतात. ऐकणारा त्या सरळ ठोक्यावर मान हलवत राहतो. खाली काय चाललंय याचा हिशेब त्याला करावा लागत नाही. आपल्याकडे तिहाई घेणारा तबलजी हाच हिशेब वेगळ्या हेतूने करतो. पोर्टनॉयला हे सगळं उलगडून सांगायची हौस आहे. ‘लिक्विड ड्रम थिएटर’ या शिकवणीच्या व्हिडिओत त्याने याच सुमाराच्या अल्बममधले आपले भाग वाजवून समजावले आहेत.

या विषम मोजणीच्या एका धाग्याचं टोक आपल्याकडेही येतं. जॉन मॅक्लॉफ्लिनने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला महाविष्णू ऑर्केस्ट्रात गिटार, व्हायोलिन, कीबोर्ड आणि ड्रम यांना अशाच अवघड मात्रांत धावायला लावलं. त्यामागे त्याचं भारतीय संगीताचं वेड होतं. पुढे तो झाकिर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’त बसला. गायक नसलेला, भन्नाट वेगाचा, एकत्र ओळी वाजवणारा रॉक बँड कसा वाटू शकतो, हे महाविष्णूने दाखवून दिलं होतं. प्रोग मेटलवाले त्या वाटेने बरेच नंतर आले आणि येताना आवाजाची बटणं पूर्ण फिरवून आले.

तिघंच उरले

आता पुन्हा त्या स्टुडिओत जाऊ, पेट्रुची गेल्यानंतरच्या. तिघांनी जे वाजवलं, त्यातला एक तुकडा अल्बममध्ये तिसऱ्या क्रमांकावर तसाच आला. नाव ‘914’, म्हणजे त्या वेळचा मिलब्रुकचा टेलिफोन कोड. चार मिनिटांचा ट्रॅक, गिटारशिवाय. लेविनचा बास पुढे, पोर्टनॉय एरवीपेक्षा हलक्या हाताने, रुडेस मधेच येऊन काहीतरी पेरून जाणारा. आधीच्या दोन ट्रॅकमध्ये जो दणका चालू असतो, त्यानंतर हे ऐकताना खोलीतली खिडकी उघडल्यासारखं वाटतं. लेविनची जागा सोडण्याची विद्या इथे पहिल्यांदा ऐकू येते, कारण ती जागा भरायला कुणी हजरच नाही.

आणखी दोन जॅम होती, मोठी. ‘चुबॅका’ साडेतेरा मिनिटांचं आणि ‘लिक्विड ड्रीम्स’ पावणेअकरा मिनिटांचं. ही तशीच ठेवली नाहीत. पेट्रुची परत आल्यावर त्याने झालेल्या रेकॉर्डिंगवर आपली गिटार चढवली. या गोष्टीकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण अल्बममधला खरा शोध इथे आहे.

ओव्हरडब म्हणजे आधीच्या आवाजावर नवा आवाज बसवणं. रॉकमध्ये हे रोजचंच आहे. बहुतेक अल्बम असेच थर चढवत तयार होतात. पण तिथे पहिला थर लावतानाच वर काय येणार ते ठरलेलं असतं, म्हणून खाली त्यासाठी जागा राखलेली असते. इथे तसं काही नव्हतं. तिघं वाजवत होते तेव्हा यावर गिटार येईल की नाही, हेच नक्की नव्हतं. पेट्रुचीला एक पूर्ण झालेलं संभाषण मिळालं, ज्यात त्याच्यासाठी कुणी खुर्ची ठेवली नव्हती. त्याने काही बोललं तरी समोरून उत्तर येणार नव्हतं. रुडेसने एखादी ओळ अर्धी सोडली असेल, तर ती का सोडली हे त्याला ऐकूनच ओळखायचं होतं.

या परिस्थितीत पेट्रुची बदलतो. ‘ॲसिड रेन’मधला पेट्रुची मालक आहे, ट्रॅक त्याच्या रिफवर चालतो. ‘लिक्विड ड्रीम्स’मधला पेट्रुची पाहुणा आहे. संथ, तरंगत्या आवाजांत तो लांब ओढलेले सूर टाकतो, थांबतो, ऐकतो आणि मग पुढचा टाकतो. त्याच्या चाहत्यांना तो सेकंदाला किती सूर वाजवतो याचं कौतुक असतं. इथे दोन सुरांमध्ये तो किती वेळ गप्प राहतो, ते ऐकावं.

‘चुबॅका’बद्दल इतकं चांगलं बोलता येत नाही. ‘स्टार वॉर्स’मधल्या केसाळ, गुरगुरणाऱ्या पात्राचं नाव घेतलेला हा ट्रॅक झोकात निघतो, बासची पकड दमदार आहे, पण मधे कुठेतरी तो रस्ता विसरतो आणि विसरला आहे हे मान्य करत नाही. साडेतेरा मिनिटांतली निदान चार तरी कात्रीखाली जायला हवी होती. जॅम करणाऱ्यांचा हा जुनाच रोग: वाजवताना जे सापडलं त्याचा आनंद इतका होतो, की ऐकणाऱ्याला तेच सापडायला किती वेळ लागेल हे विसरलं जातं. पण तो कापून सोपा केला नाही, यातही एक प्रामाणिकपणा आहे.

‘914’, ‘चुबॅका’ आणि ‘लिक्विड ड्रीम्स’ मिळून साधारण 28 मिनिटं होतात. गिटारवाला खोलीत नसताना जन्मलेलं संगीत तेवढं. पहिल्या अल्बमच्या शेवटचं, पुस्तिकेत सूचना छापलेलं जॅमही तेवढ्याच लांबीचं होतं. फरक असा की पहिल्या वेळी ते वेगळं, मागच्या खोलीत ठेवलं होतं: ज्याला हवं त्याने यावं. दुसऱ्या वेळी ते घरभर पसरलं.

बांधलेलं आणि सुटलेलं

अल्बमचा सर्वांत मोठा ट्रॅक मात्र बांधलेला आहे. 17 मिनिटांच्या त्या रचनेला पेट्रुचीच्या घाईघाईने जाण्यावरून नाव मिळालं: ‘व्हेन द वॉटर ब्रेक्स’, म्हणजे बाळंतपणाची वेळ आली तेव्हा. शब्द नसलेल्या संगीताची ही एक सोय असते. त्याला कोणतंही नाव चालतं, आणि एकदा दिलं की ऐकणारा त्यात प्रसूतीच्या कळासुद्धा ऐकू लागतो. ट्रॅक ठिकठिकाणी वळतो. दणदणीत भाग येतो, मोडतो, खाली बसतो, पूर्ण वेगळ्या चालीत उठतो, आणि बऱ्याच वेळाने आधीची एखादी ओळ ओळखीचा चेहरा घेऊन परत येते. गायक नसताना 17 मिनिटं ऐकणाऱ्याला धरून ठेवायची, तर या परत येणाऱ्या ओळींचाच आधार असतो. कडव्यानंतर ध्रुपद येणार ही खात्री गाण्यात शब्द देतात. इथे ती धून देते.

‘अनदर डायमेन्शन’मध्ये सगळे जड पावलांनी चाललेले असताना मधेच पॅरिसच्या रस्त्यावरचा वाटावा असा ॲकॉर्डियन उगवतो, अर्थात रुडेसच्या कीबोर्डमधून. विनोद आहे, पण नीट वाजवलेला. ‘बायॅक्सिडेंट’ मोकळाढाकळा आणि आनंदी. त्यात रुडेसचा पियानो ऐकताना जुलियार्ड अजून बोटांत आहे हे कळतं. आणि सगळ्यात शेवटी ‘अवरग्लास’, साडेचार मिनिटं, फक्त रुडेसचा पियानो आणि पेट्रुचीची साधी, विजेशिवायची गिटार. ड्रम नाही, बास नाही. तिघांच्या तिकडीनंतर ही दुकडी. या दोघांचं गोत्र इतकं जमलं की पुढे 2000 साली न्यूयॉर्कजवळच्या नायॅक गावी दोघांनीच एक पूर्ण कार्यक्रम केला आणि त्याचं ध्वनिमुद्रणही काढलं.

समीक्षकांचा अशा संगीतावर एक कायमचा आक्षेप असतो: हे वादकांनी वादकांसाठी केलेलं आहे, यात कौशल्य दिसतं, माणूस दिसत नाही. ‘ॲसिड रेन’पुरता तो अगदीच खोटा नाही. पण ज्या ट्रॅकमध्ये चारपैकी कुणीतरी गप्प आहे किंवा हजरच नाही, तिथे तो टिकत नाही. तिथे कौशल्य दाखवायला जागाच कमी असते. उरतो तो ऐकणारा माणूस.

स्टुडिओतून काय निघालं

मिलब्रुकच्या त्या दिवसांचा पहिला परिणाम अल्बम दुकानात येण्याआधीच झाला होता. 1999 च्या सुरुवातीला ड्रीम थिएटरने आपल्या तेव्हाच्या कीबोर्डवाल्याला निरोप दिला आणि रुडेसला पुन्हा विचारलं. या वेळी तो हो म्हणाला. म्हणजे जूनमध्ये ‘लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट 2’ विक्रीला आला, तेव्हा चौघांपैकी तिघं एकाच मोठ्या बँडचे सभासद होऊन बसले होते आणि दुसऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये गुंतले होते. सुरुवातीला पोर्टनॉयला शंका होती की हा बँड ड्रीम थिएटरची शाखा वाटेल. झालं उलटं, ड्रीम थिएटरच या बँडकडे सरकलं. त्याच ऑक्टोबरात आलेला ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ हा त्यांचा अल्बम लेबलची लुडबुड न होता झाला, आणि आजही पुष्कळ चाहते त्यालाच त्यांचं सर्वोत्तम काम मानतात. शाखेचं कारणच संपल्यामुळे लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट मात्र थांबला.

दुसरा परिणाम उशिरा दिसला. तिघांनी पेट्रुचीविना वाजवलेलं जे अल्बममध्ये मावलं नव्हतं, ते 2007 मध्ये ‘स्पॉन्टेनियस कम्बशन’ या नावाने आलं. बँडचं नाव तेवढ्यापुरतं लिक्विड ट्रायो एक्सपेरिमेंट. यातली नावं वाचली तरी त्या खोलीतलं वातावरण समजतं: ‘हवाईयन फंक’, ‘कॅपुचिनो’, ‘टोनीज नाइटमेअर’, ‘डिझ्नीलँड सिम्फनी’. गंभीर संगीतकार इतिहास घडवत आहेत असं इथे कुणालाच वाटत नव्हतं. एक माणूस दवाखान्यात होता आणि बाकीचे त्याची वाट पाहता पाहता मजा करत होते.

मग 2008 मध्ये, पहिल्या अल्बमला 10 वर्षं झाल्याच्या निमित्ताने, चौघांनी अमेरिकेत मोजके कार्यक्रम केले. शिकागोत भर कार्यक्रमात रुडेसचा कीबोर्ड बंद पडला. दुरुस्तीची खटपट झाली, जमलं नाही, आणि उरलेल्यांनी समोर प्रेक्षक बसलेले असताना जॅम सुरू केलं. त्याचं रेकॉर्डिंगही पुढे निघालं, ‘व्हेन द कीबोर्ड ब्रेक्स’ या नावाने. हा बँड खिळखिळा झाला की जास्त ऐकण्यासारखा होतो, असं म्हणायला दोन पुरावे पुरेसे नसतील; पण चाहत्यांत हे बोललं जातं, आणि म्हणणारे हसत हसत का होईना, ते खरंच मानतात.

तिसरा अल्बम यायला 2021 साल उजाडलं. मधल्या काळात पोर्टनॉय 2010 मध्ये ड्रीम थिएटरमधून बाहेर पडला होता. पेट्रुची आणि तो पुन्हा एकत्र आले ते 2020 मध्ये, आधी पेट्रुचीच्या स्वतःच्या अल्बमसाठी आणि मग महामारीच्या उन्हाळ्यात, सगळ्यांचे कार्यक्रम बंद असताना, लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंटसाठी. लाँग आयलंडवरच्या ड्रीम थिएटरच्या जागेत रेकॉर्डिंग झालं. 2023 मध्ये पोर्टनॉय ड्रीम थिएटरमध्ये परतला. हा तिसरा अल्बम म्हणजे त्या वाटेवरचा मधला थांबा.

तिसऱ्यात सगळं आहे. दणक्याची सुरुवात, ड्रम आणि बासचा दुहेरी खेळ, पेट्रुची-रुडेसची जोडी, वर गर्शविनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ची या चौघांनी केलेली आवृत्ती. वादन पूर्वीपेक्षा स्वच्छ, ध्वनिमुद्रण चकचकीत. लांब जॅमही आहेत, पण ती मुख्य अल्बमला लागू दिलेली नाहीत. त्यांच्यासाठी ‘अ नाइट ॲट द इम्प्रोव्ह’ नावाची वेगळी डिस्क काढली. पहिल्या अल्बमसारखंच पुन्हा: ज्याला हवं त्याने मागच्या खोलीत यावं. व्यवस्था चोख आहे, आणि या वेळी कुणाला दवाखान्यात पळावं लागलं नाही. त्या डिस्कवर एका जॅमचं नाव ‘युअर बीअर्ड इज गुड’ असं आहे. पोर्टनॉय आणि पेट्रुची दोघांनाही दाढ्या आहेत, त्यामुळे ही दाद नेमकी कुणाच्या दाढीला, यावर चाहत्यांनी खुशाल वाद घालावा.